नाशिकचं बंद पडलेलं त्रैमासिक पुन्हा काढायचंय, जाणकारांनी बोलावं

तिवंधा_चौक (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात जुन्या नाशकातलं मामांचं घर रिकामं केलं. माळ्यावर बुटांचं एक खोकं निघालं, सुतळीनं बांधलेलं. वाटलं, लाइटबिलं असतील. उघडलं तर पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं, मोजली तर ३१२. प्रत्येकावर नाव, पत्ता, वर्गणी कधी आली, कुठल्या अंकापर्यंत. काहींवर सहा आकडी फोन नंबर. अक्षर मामांचं.

जुन्या नाशिककरांना अंदाज आला असेल मी कशाबद्दल बोलतोय. साहित्य, नाटक, चित्रकला असं सगळं घेऊन निघणारं आपल्या गावचं त्रैमासिक. नाव मुद्दाम लिहीत नाही, शीर्षकाचा घोळ आहे. मामा संपादक नव्हते. अंकात त्यांचं नाव 'व्यवस्था' या शब्दापुढे बारीक टायपात यायचं, म्हणजे रॅपर चिकटवणारा माणूस. मी शाळेत होतो तेव्हा खळ करायचं काम माझ्याकडे. मैदा, पाणी, मंद आच, आणि शेवटी चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. वीस-बावीस वर्षं हे चाललं आणि मग थांबलं.

का थांबलं विचारलं की सगळे एकच सांगतात, वाचक राहिले नाहीत. मीही तेच धरून चाललो होतो. पण कार्डं सांगतात की निम्म्याहून जास्त लोकांची वर्गणी शेवटच्या अंकापर्यंत, काहींची त्याच्याही पुढची भरलेली होती. म्हणजे वाचक होते. मग बंद का पडलं? माझी समजूत अशी, की संपादकांचे डोळे गेले, मामांचे गुडघे गेले, आणि त्यांच्या जागी बसायला कोणी आलं नाही. मधे एक जाहिरातीचंही प्रकरण झालं, ते पुढे सांगतो.

संपादक आता नाहीत. त्यांच्या घरच्यांशी बोललो, त्यांची हरकत नाही. माझ्याकडे वेळ आहे, थोडे पैसे आहेत, साहित्यातली अक्कल बेताची आहे. ज्या गावात १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस आहे, १९२८ पासून नोटा छापल्या जातात, तिथे वर्षाला चार अंक छापून निघू नयेत? काय काय लागेल, कुठे अडेल, स्पष्ट लिहा. शुभेच्छा नकोत.

कॉलेजरोड_२२

मस्त कल्पना. पण छापायचं कशाला? वेबसाइट काढा, पीडीएफ टाका, इन्स्टावर कवितेचे कार्ड्स. खर्च जवळपास शून्य.

सहा_पॉइंट

तेवीस वर्षं डीटीपी आणि छपाईत आहे, म्हणून आधी हिशोब.

डेमी १/८ आकार, ७० जीएसएम मॅपलिथो कागद, १६ पानी आठ फर्मे, म्हणजे १२८ पानं. आत एकरंगी, वर चार रंगांचं कव्हर. ५०० प्रती काढल्या तर माझ्या अंदाजानं प्रत साठ रुपयांच्या आसपास पडेल, शिवण घातली तर थोडी वर. १००० काढल्या तर दर उतरतो, कारण प्लेट आणि मशिनवर चढवायचा खर्च तोच राहतो. पण त्या मोहात पडू नका. उरलेले ४०० अंक कुणाच्या तरी पलंगाखाली जातात आणि तीन वर्षांनी त्या घरातली बाई ते रद्दीत घालते. चूक तिची नसते.

खरा प्रश्न जुन्या मजकुराचा. शेवटच्या काही वर्षांच्या फायली सापडल्या तरी त्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या असणार, त्यात त्या काळचे नॉन-युनिकोड फॉन्ट. आज उघडलं तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टर असतात, पण ते रफार आणि जोडाक्षरांवर हमखास आपटतात. 'कर्तृत्व' नीट उतरलं तर पेढे वाटा. प्रूफ पुन्हा वाचावंच लागतं.

तिवंधा_चौक (धागाकर्ता)

फायली नाहीतच. जिथे छापायचो त्या प्रेसनं मशिनं बदलताना जुन्या सीड्या टाकून दिल्या. अंक आहेत, माझ्याकडे सगळे नाहीत, मधले सात-आठ गायब.

निळी_शाई

गायब अंकांसाठी सार्वजनिक वाचनालयात (सावाना) विचारा. ते १८४० चं, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दिग्दर्शन' हे मराठीतलं पहिलं मासिकही १८४० चंच. गावात एवढं जुनं वाचनालय असताना मधले अंक मिळणार नाहीत असं होऊ नये. पण नुसतं स्कॅन करून नेटवर टाकू नका. लेखांचा हक्क ज्याचा त्याच्याकडे, आणि लेखक गेल्यावरही ६० वर्षं वारसांकडे असतो. त्या काळी करारबिरार कोणी करत नसे, मानधन म्हणून पन्नास रुपयांची मनिऑर्डर यायची, ती आली की आम्ही आठवडाभर हवेत.

मी कॉलेजात मराठी शिकवते, या त्रैमासिकात माझ्या चार कविता आल्या आणि सतरा परत आल्या. म्हणून हक्कानं विचारते: परत कोण पाठवणार?

खर्च, कागद, वेबसाइट हे सगळं जमतं हो. सकाळी उठून साठ कविता वाचायच्या, त्यातल्या छप्पन्न परत करायच्या आणि त्या छप्पन्न माणसांना कॉलेज रोडवर, नाट्यगृहात, लग्नात भेटत राहायचं, हे कोण करणार? पुण्या-मुंबईत संपादकाला गर्दीत लपता येतं. इथे ज्याची कविता परत केली तो संध्याकाळी भाजीबाजारात पुढ्यात उभा असतो. 'काय मॅडम, अजून वाचली नाही वाटतं?'

आबा_सिन्नरकर

निळी शाई ताईंना अनुमोदन. 'सत्यकथा' मासिक १९३३ ते १९८२ चाललं ते 'साभार परत'च्या जोरावर. संपादक राम पटवर्धन लेखकाशी पत्रापत्री करून कथा पुन्हा लिहवून घेत. आज कोणा कथालेखकाला 'शेवट बदला' म्हणून बघा, दुसऱ्या दिवशी फेसबुकवर पोस्ट.

पेठ_सुरगाणा

आबा, 'सत्यकथा'चं कौतुक आहेच, पण १९६९ मध्ये राजा ढाले आणि मित्रांनी त्याच 'सत्यकथा'चा अंक जाळला होता, तेही सांगा. लघुनियतकालिकं निघालीच मुळी त्या 'साभार परत'ला वैतागून. 'साभार परत' कोण म्हणतं आणि कोणाला, हा प्रश्न आहे.

मी या त्रैमासिकाचे वाचनालयातले बरेच अंक चाळलेत. चांगले आहेत, खोटं कशाला बोलू. पण त्यातलं नाशिक म्हणजे गोदाघाट, टिळकवाडी आणि गंगापूर रोड. जिल्हा केवढा आहे! आमच्याकडे बोहाडा होतो, रात्रभर मुखवटे नाचतात, एकेका सोंगाचा मान एकेका घराण्याकडे. वीस वर्षांत त्यावर एक लेख, तोही 'आदिवासींची लोककला' या मथळ्याचा, लिहिणारे बाहेरचे. मुखवटा करणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नाही की कागदाच्या लगद्यात काय घालतोस.

कथाकार बाबूराव बागूल विहितगावचे. त्यांचं 'जेव्हा मी जात चोरली होती!' १९६३ चं. लोकशाहीर वामनदादा कर्डक सिन्नरजवळच्या देशवंडीचे. ही नावं अंकात शोधून दाखवा, मग पुन्हा सुरू करायचं का नवीन सुरू करायचं, ते बोलू.

सटाणेकर

+१. आन अहिराणीमा लिखं ते छापशात का?

आमच्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात माणसं घरी एक भाषा बोलतात, आणि कविता लिहायला बसली की दुसरीच. माझी आई ओव्या म्हणते ती भाषा अंकात आली तर वर्गणीदार मी तुम्हाला सटाण्यातून पन्नास आणून देतो. ही थाप नाही, द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपात विचारून लिहितोय.

तिवंधा_चौक (धागाकर्ता)

पेठ_सुरगाणा, तुमचं म्हणणं खरं निघालं. बागूलांवर एक टिपण सापडलं, ते गेल्यावर आलेलं. ते हयात असताना काही नाही. मामा असते तर म्हणाले असते 'त्यांनी पाठवलं नाही'. आता ते उत्तर मलाच पटत नाही.

सटाणेकर, अहिराणी छापू. वाचून निवडायला माणूस मात्र तुमच्याकडचाच लागेल. मला ऐकून कळते, बरीवाईट कळत नाही.

टपालहमाल

निवृत्त पोस्टमास्तर. सगळे लिहिणं-छापणं यावर बोलतायत, अंक पोचवायचा कसा ते कुणी बोलत नाही. बंद पडायचं एक कारण तिथेच असतं.

१) वृत्तपत्राचा सवलतीचा टपालदर नोंदणीकृत प्रकाशनाला मिळतो. त्याची एक अट अशी होती की दोन अंकांत ३१ दिवसांहून जास्त अंतर नको. तुमचं त्रैमासिक, म्हणजे त्या दाराशी जाऊच नका.
२) रजिस्टर्ड बुक पोस्ट १८ डिसेंबर २०२४ पासून बंद झालं. छोट्या प्रकाशकांचा तोच आधार होता.
३) १ मे २०२५ ला 'ज्ञान पोस्ट' आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून. ऐकायला छान. पण ते पुस्तकांसाठी. ठरावीक मुदतीनं निघणारं, जाहिराती असलेलं प्रकाशन त्यात बसत नाही.
४) १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन.

सहा_पॉइंटनी सांगितलेला १२८ पानी अंक कव्हरसकट दीडशे ग्रॅम भरेल. स्पीड पोस्टानं पाठवलात तर टपालखर्च छपाईच्या जवळ जाऊन बसेल. साध्या टपालानं पाठवलात तर काही अंक पोचणार नाहीत आणि शिव्या पोस्टाला. (त्या मी ३४ वर्षं खाल्ल्यात, सवय आहे.)

कॉलेजरोड_२२

तेच तर म्हणतोय, पीडीएफ काढा!

सहा_पॉइंट

२२, पीडीएफला माझा विरोध नाही. पण तुझ्या फोनमध्ये डाउनलोड केलेले दिवाळी अंक किती? आणि त्यातले उघडलेले किती?

कॉलेजरोड_२२

नऊ. उघडलेला एक. तोही कव्हर चांगलं होतं म्हणून. ठीक आहे, मुद्दा पोचला काका.

द्राक्षबाग

टपालावर तोडगा आहे. शहरातल्या अंकांचं टपाल कशाला? पंचवटी, सिडको, नाशिकरोड, सातपूर, इंदिरानगर, प्रत्येक भागात एक ओळखीचं दुकान, तिथे गठ्ठा. वर्गणीदार भाजी आणायला जातो तेव्हा अंक उचलतो. आमच्या सोसायटीची खतं अशीच वाटली जातात. तालुक्याला एसटीनं पार्सल. बाहेरगावचे शंभर-सव्वाशे उरतील, त्यांच्याकडून टपालखर्च वेगळा घ्या.

जाहिराती मी देतो म्हणत नाही, पण पिंपळगाव-ओझर भागातून दोन-तीन आणू शकतो. वायनरी, नर्सरी, ठिबकवाले. फक्त त्यांना मुखपृष्ठावर द्राक्षाचा घड मागू देऊ नका, मागतील.

तिवंधा_चौक (धागाकर्ता)

जाहिरातींचा विषय निघालाच, तर ते राहिलेलं प्रकरण सांगतो.

मलपृष्ठाची जाहिरात वर्षानुवर्षं एका पतसंस्थेची असायची. अंकाच्या खर्चाचा मोठा वाटा त्यातून निघे. एका वर्षी तिथल्या एका पदाधिकाऱ्यानं कविता पाठवली. आईवर, चौदा कडवी. जाहिरातीच्या चेकबरोबर, एकाच पाकिटात. संपादकांनी चेक ठेवून घेतला आणि कविता परत पाठवली. सोबत नेहमीचं छापील 'साभार परत' नाही, हातानं लिहिलेलं पत्र: पहिली दोन कडवी चांगली आहेत, तिथेच थांबावं, पुन्हा पाठवल्यास आनंद होईल.

पुढच्या अंकाला जाहिरात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मामा दोनदा जाऊन आले, बाहेरच्या बाकावर बसून आले. मला मामींकडून कळलं की त्या दोन अंकांचे पैसे मामांनी आपल्या फंडातून घातले होते. संपादकांना हे सांगितलं नव्हतं. मग अंक थांबला.

घरात वर्षानुवर्षं एकच वाद: संपादकांनी ताठा सोडायला हवा होता की नाही. मामी म्हणायच्या, एक कविता छापली असती तर आभाळ कोसळलं असतं का? मामा नुसते हसायचे. मला अजून ठरवता येत नाही.

निळी_शाई

मला ठरवता येतं. कविता परत केली ते बरोबर. चेक ठेवला ते चूक. दोन्ही एकाच पाकिटातून आले होते, तर दोन्ही एकाच पाकिटातून परत जायला हवे होते.

एक_नाराज_कवी

इतकं गोड चित्र रंगवू नका. त्या संपादकांनी माझ्याही कविता परत पाठवल्या होत्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. माझ्या वाट्याला हातानं लिहिलेलं पत्र नाही आलं, छापील चिठ्ठी आली, तीही तिरकी कापलेली. पदाधिकाऱ्याला सविस्तर पत्र आणि सातपूरच्या कामगाराच्या पोराला चिठोरं. त्यानंतर मी कुठे कविता पाठवली नाही. आज एक्कावन्न वर्षांचा आहे, शिफ्ट सुपरवायझर. कविता अजून लिहितो, वहीत.

आबा_सिन्नरकर

हे वाचून गप्प झालो.

निळी_शाई

एक_नाराज_कवी, त्या छापील चिठ्ठ्या माझ्याकडे तेरा आहेत, चार पत्रं. पत्र कोणाला आणि चिठ्ठी कोणाला, हे तेव्हाही मला समजायचं नाही. माझे वडील हेडमास्तर होते, हे त्यांना माहीत होतं, एवढं मात्र आज लक्षात येतंय.

म्हणून माझी एक अट. नवीन अंक निघणार असेल तर परत जाणाऱ्या प्रत्येक मजकुरासोबत दोन ओळी हातानं लिहिलेल्या. मग तो कोणीही असो. आणि एकट्याची सही नको, तिघांची. म्हणजे भाजीबाजारात एकट्याला गाठता येणार नाही.

विभागप्रमुख_नव्हे

सावधगिरीचा इशारा. अंक सुरू झाल्याचं कळलं की पहिली रांग कवींची नसेल, आमची असेल, म्हणजे प्राध्यापकांची. यूजीसीची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी होती तेव्हा यादीतल्या नियतकालिकांकडे बढतीसाठी लेखांचा लोंढा असायचा, काही जण छापायचे पैसेही घ्यायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद झाली, पण बढतीला शोधनिबंध लागतातच. 'आयएसएसएन आहे का?' हा पहिला फोन येईल. आयएसएसएन घ्यायला हरकत नाही, तो नुसता ओळखक्रमांक. पण 'नुसतं प्रमाणपत्र द्या, अंक नको' म्हणणारा आला की दार लावून घ्या. चांगली वाङ्मयीन नियतकालिकं अशा लेखांनी आतून पोखरलेली मी पाहिली आहेत, अंक जाड आणि वाचायला काही नाही.

पुण्याहून_आलोय

अवांतर: नाशिकला तीन वेळा अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. १९४२ ला अत्रे अध्यक्ष, २००५ ला केशव मेश्राम, २०२१ ला नारळीकर. मंडप, भोजन, ग्रंथदिंडी, सगळं जमतं. चार अंक जमत नाहीत?

द्राक्षबाग

संमेलनाला तीन दिवस जेवायला वाढायचं असतं, अंकाला वर्षभर डबा द्यायचा असतो. लग्न आणि संसार यातला फरक, पुणेकर.

आबा_सिन्नरकर

आणि छोट्या गावातून अंक चालतो, याचे दाखले आपल्याच शेजारी आहेत. जळगावची 'काव्यरत्नावली' १८८७ ते १९३५. ना. न. फडणिसांनी रेल्वे फाट्यावरच्या गावातून फक्त कवितेचं मासिक जवळजवळ अर्धशतक चालवलं. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ मध्ये 'कविता-रती' काढलं. औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श', त्यानं दलित लेखकांची पिढी उभी केली. तिन्ही ठिकाणी संस्था कमी आणि एक माणूस जास्त. हीच त्यांची ताकद, आणि घोर लावणारी गोष्टही हीच. माणूस दमला की अंक दमतो.

वकील_पण_साधा

शीर्षकाबद्दल. १८६७ चा जुना कायदा गेला, १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा लागू आहे. आरएनआय, म्हणजे वृत्तपत्रं नोंदणारं जुनं कार्यालय, त्याच्या जागी आता प्रेस रजिस्ट्रार जनरल. अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन, शीर्षक आणि नोंदणी एकत्रच. जिल्हाधिकारी कचेरीत डिक्लरेशनसाठी खेटे घालायचे ते दिवस गेले.

तुमचा घोळ असा. जुनी नोंदणी संपादकांच्या नावावर असणार. बारा महिन्यांहून जास्त काळ प्रकाशन बंद असेल तर नोंदणी रद्द होऊ शकते, त्यामुळे ती जिवंत धरून चालू नका. आणि तुमचंच जुनं नाव मधल्या काळात कोणी घेतलं असेल तर मिळणार नाही. मराठीत देशात कुठेही, किंवा महाराष्ट्रात कुठल्याही भाषेत, दुसऱ्या मालकाकडे तेच किंवा त्यासारखं शीर्षक असेल तर अर्ज अडतो. आधी पोर्टलवर शोधा. वारसांकडून ना-हरकत लेखी घ्या, तोंडी 'हरकत नाही' उद्या बदलते.

तिवंधा_चौक (धागाकर्ता)

शोधलं. नाव गेलंय. मराठवाड्यातल्या एका साप्ताहिकाकडे आहे, ज्योतिष आणि शेतीभाव छापतात.

सकाळपासून वाईट वाटतंय. मामांच्या मुलीला फोन केला, ती म्हणाली, 'दादा, कार्डांवर नाव आहे का अंकाचं?' पाहिलं. ३१२ पैकी एकाही कार्डावर अंकाचं नाव नाही. फक्त माणसांची नावं.

पेठ_सुरगाणा

बरं झालं. नवीन नाव घ्या, मग आम्हालाही आपलं म्हणता येईल.

कॉलेजरोड_२२

माझ्याकडून ठोस काहीतरी: जुन्या अंकांची अनुक्रमणिका युनिकोडमध्ये टाइप करून देतो. लेख नाही, फक्त लेखक, शीर्षक, अंक, पान. त्याला हक्काची भानगड नाही ना? शोधता येईल अशी यादी झाली तर लेखकांचे वारस आपणहून सापडतील.

निळी_शाई

शाब्बास. ही यादी मी माझ्या एमएच्या मुलांना पाच वर्षं सांगतेय, कोणी केली नाही.

चित्रशाळा

कलेचं काय? सगळे कविता कविता करतायत. त्या अंकांत शिवाजी तुपे यांची जलरंगातली गोदाघाटाची चित्रं एकरंगी छापलेली असायची. जलरंग आणि एकरंगी! तरी मी ती कापून वहीत चिकटवली, कारण पाण्यावरचा उजेड त्या करड्या ठिपक्यांतही दिसायचा. आता आत एक चार रंगांचा फर्मा ठेवाच. सोळा पानं. एका अंकात एकच चित्रकार किंवा एकच कारागीर, येवल्याचा पैठणी विणणारा, बोहाड्याचा मुखवटेवाला, जुन्या नाशकातली रहाड (रंगपंचमीचा रंगाचा हौद) आणि तिचा रंग करणारी माणसं. सिंहस्थ २०२७ चा आहे, तेव्हा घाटांचे ग्लॉसी फोटो गावोगाव मिळतील. आपण ते सोडून बाकीचं करू.

सहा_पॉइंट

१६ पानी चार रंगांचा फर्मा म्हणजे प्रतीमागे आणखी बारा-पंधरा रुपये. द्राक्षबाग, ते ठिबकवाले गाठा. कविता लिहीत नाहीत ना, आधी विचारून घ्या.

द्राक्षबाग

एक लिहितो. लावणी. पण वाईट नाही हो.

वकील_पण_साधा

त्याचा चेक आणि लावणी वेगवेगळ्या पाकिटांत मागवा. 😀

तिवंधा_चौक (धागाकर्ता)

पाच आठवड्यांनी धागा वर आणतोय.

मधल्या काळात एक केलं. सगळ्या ३१२ पत्त्यांवर पोस्टकार्डं टाकली. ५० पैशांचं कार्ड, एकूण १५६ रुपये. एवढ्या पैशात गावात दोन मिसळी येत नाहीत. मजकूर चार ओळींचा: जुना अंक बंद पडला होता, नव्या नावानं काढायचा विचार आहे, आपण अजून वाचता का, पत्ता तोच आहे का. हातानं लिहिली. शेवटची शंभर लिहिताना माझं अक्षर मामांसारखं यायला लागलं, असं बायकोचं म्हणणं.

९७ परत आली. 'पत्त्यावर नाही', 'घर बंद', 'मयत'. पोस्टमनांची अक्षरं. एकावर 'इमारत पाडली'. १४३ जणांकडून काहीच नाही. ७२ उत्तरं आली, बरीचशी फोनवर, कारण मी नंबर लिहिला होता. ११ जणांनी विचारलं की इतके दिवस कुठे होतात. एका बाईंनी सांगितलं, सासरे गेले पण अंकांचा गठ्ठा ठेवलाय, मधले हवे असतील तर घेऊन जा. आपले गायब अंक तीन वगळता सगळे त्यात आहेत.

आणि एक कार्ड मनमाडहून, ते जसंच्या तसं देतो:

'आपले पत्र मिळाले. माझे दोन अंक येणे बाकी आहेत. पत्ता बदलला आहे, नोंद घ्यावी.'

मामांचं कार्ड काढून पाहिलं. खरंय. चार अंकांचे पैसे घेतले, दोन पोचवले. मग सगळी कार्डं पुन्हा तपासली. ७२ पैकी ३८ जणांचे अंक आपल्याकडे बाकी आहेत, कोणाचा एक, कोणाचे दोन, एकाचे तीन.

निळी_शाई

३८ जणांना पहिले अंक बिनावर्गणीचे. त्यावर चर्चा नको.

वकील_पण_साधा

कायद्यानं मुदत केव्हाच संपली. पण ताईंशी सहमत.

सहा_पॉइंट

मग ५०० नको, ५५० छापू. वरच्या पन्नासचा कागद माझ्याकडून.

एक_नाराज_कवी

माझा वर्गणीदार म्हणून काही बाकी नाही. पण परत पाठवायच्या चिठ्ठ्या लिहायला तिसरा माणूस लागतोय ना? रविवारी माझी सुट्टी असते. माझी एकच अट: माझ्या कविता मी या अंकाला देणार नाही, कोणी मागायच्याही नाहीत.

निळी_शाई

मंजूर. मागणार मात्र आहे, दर अंकाला.

सटाणेकर

अहिराणीना माणूस सापडना (म्हणजे सापडला). माझी आई. निवडाले ती, लिखाले मी. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवतो, ती 'हाऊ ठेव, हाऊ फेक' म्हणते. कालच अकरा फेकल्या, त्यात माझ्या तीन.

तिवंधा_चौक (धागाकर्ता)

ठरलं. येत्या रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवतो. चहा-पोहे आहेत. अंक अजून लांब आहे, आधी ३८ जणांना हिशोबाची पत्रं जायची आहेत, पाकिटं तयार. खळ मी करतो, डिंकाच्या ट्यूबा कोणी आणू नका.

टपालहमाल

मोरचूद चिमूटभरच घाल. जास्त झाला की पाकिटावर हिरवा डाग उठतो, बटवड्याच्या पोरांना वाटतं काही सांडलंय. आणि ती सगळी कार्डं घेऊन बस, पिनकोड मी तपासतो. सिडकोचे अर्धे चुकलेले असणार.